हत्याराला हात लावायचा नाही

आबांनी माझ्या मशीनला झेंडूची माळ घातली होती.

नुसती माळ नाही. पात्यावर हळदीची पाच बोटं, पेट्रोलच्या टाकीवर कुंकवाचा टिळा, दोरी ओढायच्या मुठीत खोचलेली आंब्याची डहाळी. शेजारी लाल फडक्यावर आमची घरातली सगळी हत्यारं ओळीने मांडलेली: कानशी, हातोडे, ऐरणीचा ठोकळा, कोयता, आईची विळीसुद्धा, आणि सगळ्यांच्या मधोमध पणजोबांची ठासणीची बंदूक. समोर उदबत्ती. उदबत्तीच्या मागे पाटावर आबा, उघडेबंब, कपाळाला गंध लावून बसलेले.

मी जीपमधून उतरले ती तशीच उभी राहिले. माझ्या मागून कंपनीचे पुण्याचे दातार साहेब उतरले आणि त्यांच्या मागून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस उलगडावा तसे, स्वीडनहून आलेले लेनार्ट साहेब.

"आबा, ह्या काय केलात?"

"खंडेनवमी आसा आज. पूजा केलंय."

"माज्या मशीनीची?"

"हत्याराची," आबा म्हणाले. "आता उद्या सोना लुटून होयसर तेका कोणी हात लावूचो नाय."

आमच्या घरातला हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. नवमीला हत्यार पूजेत बसलं की दसऱ्याला आपट्याचं सोनं घरात येईपर्यंत ते उचलायचं नाही. त्या दिवशी आई भाजीसुद्धा हाताने मोडून करायची. पण दातार साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांनी नुसती इंग्रजी तारीख सांगितली आणि मी घाईघाईत 'चालेल' म्हणून बसले. कॅलेंडर भिंतीवर होतं, मी उभी होते तिथून दोन हातांवर. मी मान वळवली नाही, एवढाच माझा अपराध.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कुडाळपासून आत, सात किलोमीटरवर आमचं गाव. आबा म्हणजे बाबल मेस्त्री, आसपासच्या चाळीस गावांचे बंदूकवाले. शेतात डुक्कर, वांदर येतात म्हणून लोकांकडे परवान्याच्या बंदुका असायच्या आणि त्या बिघडल्या की आबांकडे यायच्या. पण माणसं मुंबईला गेली, शेतं ओस पडली, परवाने वारसांनी परत केले. त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे दुरुस्तीला आल्या एकूण तीन बंदुका. त्यातली एक नाटकातली होती, लाकडी.

मी आयटीआय करून आले होते, इंजिनाचा कोर्स. माझ्या डोक्यात एकच होतं. आमच्याकडे पावसानंतर कलमांच्या बागेत गवत कमरेएवढं माजतं आणि ते कापायला गडी मिळत नाहीत. खांद्याला अडकवून चालवायची गवत कापायची यंत्रं नुकतीच येऊ लागली होती, लोक त्यांना ग्रासकटर म्हणत. स्वीडनची एक कंपनी जिल्ह्यासाठी एजंट शोधत होती. मी अर्ज केला. त्यांनी नमुन्याचं एक मशीन खोक्यातून पाठवलं आणि सांगितलं, तुम्हीच जोडा, आमच्यासमोर चालवून दाखवा, मग ठरवू. दुसरा अर्ज कणकवलीच्या एका हार्डवेअरवाल्याचा होता. त्याच्या दुकानाला काचेचा दरवाजा होता. आमच्या दुकानाला दरवाजाच नव्हता, फळ्या होत्या.

आबांचं मत साधं होतं. "बंदुकीच्या दुकानात गवत कापूचा खेळणा? माज्या बापाशीन वरसून बगल्यान तर काय म्हणात?" चार दिवस ते खोक्याभोवती घिरट्या घालत होते आणि जवळून जाताना तोंड फिरवत होते. मी जोडायला बसले तर पाठीशी उभे राहून श्वास सोडायचे. तसा श्वास सोडणं हे आबांचं भाष्य असे. आदल्या संध्याकाळी पातं चढवत असताना त्यांनी "गो, ता असा..." एवढं म्हटलं आणि माझा तोल गेला.

"आबा, ही बंदूक न्हय. गावदेवी सातेरीची शपथ घेवा, माज्या मशीनीक बोट लावूचास नाय."

"घेतलंय," आबा म्हणाले आणि ताडताड आत गेले. मी पातं तसंच रागारागात चढवलं, नट आवळला आणि झोपले. पहाटे उठून पाहुण्यांना आणायला कुडाळ स्टेशनवर गेले. परत आले तर हे असं.

"मिस मेस्त्री," दातार साहेब घड्याळ बघत म्हणाले, "आम्हाला एक वाजता कणकवलीला पोचायचंय. वडिलांना समजावा ना. फुलं बाजूला करायची, पाच मिनिटं मशीन चालवायचं, परत फुलं ठेवायची. देवाला काय कळतंय?"

आबांना मराठी कळतं हे बहुतेक त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"देवाक कळता काय नाय ता माका ठावक नाय," आबा म्हणाले. "माका कळता."

मी पाटाजवळ बसले आणि दबक्या आवाजात सुरू केलं. "आबा, तुमीच म्हणत होतात ना खेळणा म्हणान? मगे आजच ता हत्यार कसा झाला?"

"पाता बगलंय. पाता आसा म्हणजे हत्यार."

"विळयेक पण पाता आसा!"

"म्हणान तर विळी पण पूजेक आसा. तुजी आवस वाफवलली कणगा देतली आज सगळ्यांका."

पाहुण्यांना वाफवलेले कंद! मला रडायला येत होतं आणि हसायलाही. हा माणूस मुद्दाम करतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शपथेने हात बांधले म्हणून यांनी देव मध्ये घातला. काचेचा दरवाजा मला डोळ्यांसमोर दिसू लागला.

दातार साहेबांनी लेनार्ट साहेबांना इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यात 'सुपरस्टिशन' हा शब्द मला दोनदा ऐकू आला. लेनार्ट साहेब साठीचे, उन्हाने शिजल्यासारखे लाल झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बूट काढले आणि सरळ आत येऊन बंदुकीसमोर उकिडवे बसले. हात त्यांनी पाठीमागे बांधले होते.

"हात न लावता बघू का, असं विचारतायत," दातार साहेब वैतागून म्हणाले.

"बगा म्हणा."

मग आबाही उठून त्यांच्या शेजारी तसेच उकिडवे बसले, हात पाठीमागे बांधून. प्रदर्शनात आलेल्या दोन आजोबांसारखे ते दोघं दहा मिनिटं त्या बंदुकीकडे वाकून वाकून बघत होते. मधे दातार साहेब, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळावं तसे मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत वळत होते.

"नळी घरी भोक पाडलेली आहे का, विचारतायत."

"माज्या आज्यान पाडल्यान. हातान. दीड म्हयनो लागलो."

"ते म्हणतात, त्यांच्याकडे पाण्यावर पाडायचे."

"पाण्यार?"

मग लेनार्ट साहेबांनी जमिनीवर ऐसपैस बसून सांगितलं. त्यांच्या गावात एक धबधबा आहे. तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्या राजाला लढाईसाठी बंदुका हव्या होत्या, म्हणून त्या धबधब्यावर चाकं बसवून नळ्यांना भोकं पाडायचा कारखाना काढला. तीच ही कंपनी. आधी कित्येक पिढ्या नुसत्या बंदुका.

आबा माझ्याकडे वळले. "वैजू, ही माणसां बंदूकवाली?"

मला हे माहीतच नव्हतं. मी अर्ज करताना त्यांचं कमिशन किती ते वाचलं होतं, इतिहास नाही.

"मगे बंदुका सोडल्यात कित्याक?" आबांनी थेट विचारलं. तो प्रश्न आधी दातार साहेबांना, मग लेनार्ट साहेबांना, असा दोघांना लागला.

"राजानं बंदुका घेणं कमी केलं," दातार साहेब सांगू लागले. आता त्यांचाही वैताग थोडा उतरला होता. "कारागीर बसून राहिले. मग कोणीतरी म्हणालं, बारीक लोखंडी काम येतंय ना, मग शिवणयंत्रं करू."

"शिवणयंत्रां! बंदूकवाल्यांनी!"

"हो. मग स्वयंपाकघरातली खिमा करायची यंत्रं."

"अरे देवा."

"मग सायकली. मग मोटरसायकली. मग हिरवळ कापायची यंत्रं, लाकूड कापायच्या करवती, आणि हे. बंदुका बंद होऊन आता बरीच वर्षं झाली."

आबांनी पणजोबांच्या बंदुकीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला कळेना. मग त्यांनी विचारलं, "आणि मेस्त्री? मेस्त्री नवीन आणल्यानी, काय तेच रवले?"

लेनार्ट साहेबांनी बोटांवर मोजत सांगितलं. त्यांचे आजोबा नळ्या करायचे. वडील मोटरसायकलीच्या खात्यात. ते स्वतः चौदाव्या वर्षी कारखान्यात लागले तेव्हापासून करवती आणि गवत कापायची यंत्रं. घर तेच, धबधबा तोच, आणि आजोबांची एक कानस अजून त्यांच्या टेबलावर असते.

"कानस कसली? चपटी काय गोल?"

"अर्धगोल," दातार साहेब म्हणाले.

"हां," आबा म्हणाले. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

मग लेनार्ट साहेबांनी लांबूनच मशीनवरच्या कंपनीच्या खुणेकडे बोट दाखवलं आणि आबांना खुणेनेच विचारलं, हे काय आहे? ती खूण मी चार दिवस बघत होते. मला तो मुकुट वाटत होता, राजाची कंपनी म्हणून. आबांनी मान तिरकी केली. एक डोळा मिटला. आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"अरे, ही माशी! नळयेच्या टोकाची माशी! नेम धरताना दिसता तशी!"

बंदुकीच्या टोकाला नेमासाठी असतो त्या बारीक दांड्याला आमच्याकडे माशी म्हणतात. दातार साहेबांनी सांगायची गरजच पडली नाही. लेनार्ट साहेब उड्या मारायच्या बेतात होते. त्यांनी एवढ्या देशांत एजंट नेमले, पण कोणी न सांगता ओळखणारा हा दुसराच माणूस, असं म्हणाले. पहिला कोण, ते विचारायचं राहून गेलं.

बारा वाजत आले होते. एवढं सगळं गोड झालं, तर आता आबा विरघळतील असं मला वाटलं. मी हळूच म्हटलं, "आबा, पाच मिन्टां?"

"उद्या," आबा म्हणाले.

दातार साहेबांनी बॅग उचलली. मी खांबाला टेकले.  लेनार्ट साहेब मात्र निघायच्या आधी मलाही टिळा लावा म्हणून कपाळ पुढे करून उभे राहिले. आबांनी पूजेचं ताट उचललं. ताटात विड्याच्या पानावर लोखंडाची एक चपटी वाटी होती, तिच्यात कुंकू. आबांनी ते ताट त्यांच्यासमोर धरलं आणि धरूनच ठेवलं, बोट कुंकवात बुडवलं नाही.

लेनार्ट साहेब ताटाकडे बघू लागले. मग मशीनकडे. मग ते हात पाठीशी बांधून पात्याजवळ वाकले, इतके की त्यांचं नाक झेंडूला लागलं असतं. बराच वेळ वाकून होते. सरळ झाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे नाही, आबांकडे बघितलं. आबांनी भुवई जराशी उचलली आणि मान नकारार्थी हलवली, अगदी किंचित. मला वाटलं, अजूनही हात लावायला नाही म्हणतायत.

आणि लेनार्ट साहेब गडगडून हसले. आबांनी त्यांना मोठा थोरला टिळा लावला. साहेबांनी दातारांच्या हातून बॅग घेतली, आमच्या ऐरणीवर, म्हणजे ऐरण पूजेत असल्यामुळे तिच्या रिकाम्या ओंडक्यावर, कागद ठेवला आणि सही केली. खाली पेनाने दोन ओळी लिहिल्या.

"एजन्सी तुमच्या नावाने," दातार साहेब मला म्हणाले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मशीन न चालवता! बावीस वर्षांच्या नोकरीत मी हे पाहिलं नाही. का केली सही, ते मला विचारू नका."

"आणि ह्या खालच्या ओळी?"

"अट आहे. वडिलांनी नजर टाकल्याशिवाय तुमच्याकडून एकही मशीन बाहेर जाता कामा नये."

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा मान ठेवला बिचाऱ्याने.

पाहुणे गेल्यावर मी आबांशी बोलले नाही. एजन्सी मिळाल्याचा आनंद होता, पण राग त्याहून मोठा. आपण मुलीचं वाटोळं करायला बसलो होतो, ते साहेब भला म्हणून निभावलं, याची या माणसाला काही खंत? तो तर वाफवलेली कणगं सोलत बसला होता, विसाव्यांदा आईला माशीची गोष्ट सांगत. आईने शेवटी विचारलं, "माशी ऱ्हवांदे. आपल्या चेडवाक, वैजूक काय सांगलास?" त्यावर आबा म्हणाले, "उद्या."

दसऱ्याच्या दुपारी सोनं आलं. देवासमोर ठेवून झालं, आईबापाच्या पाया पडून झालं. पाया पडतानाही मी आबांचे फक्त अंगठे बघितले. मग तडक मशीनपाशी गेले, माळ ओढून काढली, पट्टा खांद्यावर टाकला आणि परसात गेले. दोरीला हात घालणार तोच मागून आवाज आला.

"वैजू, थांब. चालू करू नको. खाली बस आणि पाता हलवन बग."

"कित्याक?"

"बग तर."

मी बसले. पातं हातात धरून हलवलं. पातं डुगडुगत होतं. नट पूर्ण आवळलेला होता, पण पात्याला धरत नव्हता. पातं आणि नट यांच्या मधे एक वाटी बसते, ती पात्याला दाबून धरते. ती मी लावलीच नव्हती. मिनिटाला हजारो फेरे मारणारं ते पातं काल पाहुण्यांसमोर सुटलं असतं, आणि मी ज्या बाजूला तोंड करून उभी राहणार होते त्या बाजूला दातार साहेब खुर्ची टाकून बसणार होते.

आबांनी मुठीतून वाटी काढून माझ्या पुढ्यात धरली. तिच्या कडेला अजून कुंकू होतं.

"खोक्यातल्या भुशात गावली. सकाळी पूजेक जागा झाडताना. तेवा तू इस्टेशनार गेललंस. मोबाईलाक रेंज नाय. मिया काय कावळ्याकडे सांगान धाडू?"

"मगे तुमीच लावन ठेवची ना!"

"शपथ कोणी घालूक लावल्यान?"

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली.

"मशीनीक बोट लावूक नाय मिया," आबा म्हणाले. "फुला वरसून सोडलंय. हळद काडयेन लावलंय. वाटी काय मशीनीर नव्हती, ती भुशात व्हती, म्हणान ती उचललंय."

"मगे माका आत बोलवन सांगूचा ना. त्येंच्यासमोर नाय, आत."

"आणि तू काय केला असतस? पान्हो घेवन धावला असतस, त्या पुण्याच्या सायबाच्या डोळ्यांदेखत. तो म्हणालो असतो, ह्या चेडवाक पाता लावूक येयना, चला कणकवलीक." आबांनी नाक शिंकरल्यासारखं केलं. "माज्या घरात माज्या चेडवाची चूक भायरच्या माणसान काढूची? ती काढूक मिया आसंय."

"पण लेनार्ट साहेबांका..."

"तेका दाखवूक व्हयाच होता. तो मेस्त्री. मेस्त्र्याक फसवूचा नाय." ते थोडे थांबले. "डोळ्यांनी सांगलंय तेका, पोराक बोलू नको म्हणान. हसलो. बरो माणूस."

त्या कागदावरच्या दोन ओळी मला तेव्हा नीट कळल्या. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त, या उघड्याबंब माणसाचं काय करावं ते कळेना इतकं प्रेम आलं. आमच्या घरात असलं काही बोलत नाहीत. मी नाक पुसलं आणि पान्हा घेतला.

"उलटे आटे आसत हां," आबा म्हणाले. हात त्यांनी पाठीशी बांधून ठेवले होते. शपथ अजून सुटली नव्हती, ती मी सोडवायला हवी होती, पण माझ्या ते लक्षातच आलं नाही. मी नट काढला, वाटी बसवली, नट परत चढवला, उलटीकडे आवळला. दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला मशीन धडधडलं.

आणि आबा चालत गेले आणि परसाच्या त्या टोकाला, पात्याच्या बरोबर समोर, गवतात उभे राहिले.

"आबा, बाजूक व्हा!"

"कित्याक? आवळलंस मा?"

"आवळलंय!"

"मगे चालव!"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हलायची काही चिन्हं नव्हती. मी वेग वाढवायच्या खटक्यावर बोट ठेवलं, आणि ते बोट दाबलं जाईना. मी मशीन बंद केलं. पट्टा उतरवला, खाली बसले, पातं धरून हलवून बघितलं, नटावर पान्हा घालून परत जोर लावून बघितला, वाटीच्या कडेवरून नख फिरवून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. मान वर केली तर आबा गवतातून बाजूला होऊन पायरीवर जाऊन बसले होते.

"आता चालव," ते म्हणाले. "आता तुज्या हातची खयची मशीन मिया बगूक नको."

डोळ्यांना धारा लागलेल्या असताना ग्रासकटर चालवू नये, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं. मी अर्ध्या तासात सगळं परसू साफ केलं, आणि त्यातच आईने दोन वर्षं जपलेली अबोलीची ओळही मुळापासून साफ केली. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. आबांशीही नाही, कारण ते पायरीवर बसून बघत होते आणि त्यांनी मला थांबवलं नव्हतं.